पाय उशिरा समजतात

पहिल्या दिवशी नानांनी माझ्या हातात तिकिटाचं मशीन दिलंच नाही. कंडक्टरचं ट्रेनिंग संपवून, नवी कोरी खाकी घालून मी डेपोत हजर झाले होते. खांद्याला चामडी बॅग, खिशात दोन पेनं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या बुटांवर येऊन थांबली.

"काढ ते."

"काय?"

"बूट. एवढा जाड तळ घालून गाडी कळंल का तुला? पायाच्या कानात बोळा घालून आलीस."

त्या दिवशी राहुरीपासून नगरपर्यंत मी नुसत्या मोज्यांवर, हात पाठीमागे बांधून, धावत्या गाडीच्या मधल्या वाटेत उभी होते. तीनदा लोकांच्या अंगावर गेले. एकदा तर एका बाबांच्या मांडीवर जवळजवळ बसलेच. बाबा म्हणाले, "अहो, पोरीला बसू द्या की." तर हे म्हणतात, "आज बसली तर जन्मभर बसंल." सगळी गाडी हसली. मला रडू येत होतं. नगरच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मशीन माझ्या गळ्यात अडकवलं. "हात तिकिटासाठी असत्यात. उभं राहायला पाय दिलेत. पोटऱ्या दुखतील, घरी गेल्यावर तेल लाव."

पोटऱ्या आठ दिवस दुखल्या. पण त्यानंतर इतक्या वर्षांत मी गाडीत पडलेली नाही, हेही खरं.

डेपोत त्यांना समोरून सगळे नाना म्हणायचे आणि मागून खांब. उंच, काटकुळे, मान जराशी पुढे. अठ्ठावीस वर्षांच्या कंडक्टरकीत धावत्या गाडीतली वरची दांडी त्यांनी धरलेली कुणी पाहिली नव्हती. पाथर्डीकडच्या कोरड्या भागातले ते. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि हे लहानपणी उसानं भरलेल्या बैलगाडीच्या अगदी वर बसून कारखान्यापर्यंत यायचे. "तिथं कुठली दांडी? उसाला धरलं की ऊसच हातात यायचा," असं सांगायचे.

त्यांच्या पायात कायम पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट. भोक पडेपर्यंत वापरायचे आणि नवे घेतले की महिनाभर कुरकुरायचे. बुटाची नाडी एका पायावर उभं राहून बांधायचे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. लग्नात खुर्ची दिली तर ती दुसऱ्याला द्यायचे. पंगतीत बसावंच लागतं म्हणून बसायचे, पण उठताना जमिनीला हात लावायचे नाहीत. शेजारच्या कुणी लावला तर ध्यानात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी डेपोत सांगायचे.

वर्षानुवर्षं त्यांच्या गाडीवर एकच ड्रायव्हर होते. जाडजूड, शांत, फारसं न बोलणारे. या दोघांचं काहीतरी वेगळंच जमलेलं होतं. एकदा मी नानांना विचारलं, "ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही गुडघे कसे काय सोडता?" तर म्हणाले, "त्यानं पाय उचलला की इंजिनाचा सूर उतरतो. त्या सुराला गुडघा सोडायचा. ब्रेक मागनं येतो." मी आजही तसंच करते.

आणि त्यांचं बोलणं! सगळी गाडी म्हणजे त्यांच्या घरची ओसरी. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा सुप्याच्या कंपनीत लागला, सगळं त्यांना ठाऊक. तिकीट देता देता मागच्या सीटवरच्या माणसाला पुढूनच उत्तर द्यायचे. पण सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे उभ्या प्रवाशांकडे बघणं. गाडीनं ब्रेक मारला की हे उभ्या माणसांचे पाय बघायचे आणि माझ्या कानाशी येऊन निकाल द्यायचे.

"मानसं तीन जातींची असत्यात, पोरी. घोट्याची, कमरंची आन् हाताची. तरन्या मानसाला धक्का बसला की घोटाच सावरून घेतो, वरच्या मजल्याला खबर बी लागत न्हाई. वय झालं की घोट्याला उशिरा कळतं. मग कंबर वाकवून सावरावं लागतं. आन् कंबर बी उशिरा उठली की मग हात. दिसंल ते धरायचं."

एक गुरुजी रोज आमच्या गाडीला असायचे, केस काळेभोर. ब्रेक लागला की त्यांची कंबर खटकन मोडायची. नाना हळूच म्हणायचे, "कलपानं आरसा फसतो. ब्रेक कसा फसंल?"

हे सगळं बोलायचे तेव्हा ते पन्नाशीत होते आणि घोट्याचे होते. म्हातारपण ही दुसऱ्या गावाला जाणारी गाडी आहे, अशा थाटात बोलायचे.

मग त्यांचं बोलणं बंद झालं.

एकदम नाही. आधी मागच्या सीटवरच्यांना उत्तरं देणं थांबलं. मग कुणी काही विचारलं तर ते हात वर करून "थांबा" म्हणायचे, आणि स्टॉप आला, गाडी उभी राहिली, की मग सांगायचे. प्रवासी म्हणायला लागले, नानांना आता गर्व चढला. डेपोतले म्हणाले, घरी काही बिनसलं असेल. मला म्हणाले, "संध्याकाळची ड्यूटी तू घेत जा, सकाळची मला देत जा. अंधार पडला की जीव नको नको हुतो." मी बदलून देत गेले. मला वाटलं, डोळ्यांचं काही असेल.

एक दिवस मी त्यांच्याच गाडीनं घरी चालले होते. ते तिकिटं देत पुढे येत होते, आणि मला दिसलं की प्रत्येक सीटपाशी ते थांबतात, कंबर सीटच्या कडेला टेकवतात, आणि मगच मशीनची बटणं दाबतात. कुणाला कळणार नाही अशा बेतानं. पण मला तर त्यांनीच बघायला शिकवलं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. ज्यानं मला उभं राहायला शिकवलं त्याला "नाना, दांडी धरा" असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ती चूक माझी. त्यानंतर दोन महिन्यांनी जे झालं त्यात माझाही वाटा आहे, असं मी अजून मानते.

त्या दिवशी मला नगरला काम होतं, सुट्टी काढली होती. राहात्याहून मी नानांच्या गाडीत बसले. दुपारची वेळ, उसाचा हंगाम. पुढच्या सीटवर कडेला एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. मांडीवर पेरूची पिशवी. लेकीकडे निघाल्या होत्या. राहुरीच्या अलीकडे कॉलेजच्या एका मुलानं पास दाखवून काहीतरी विचारलं. नाना त्याला समजावून सांगायला लागले. बऱ्याच दिवसांनी ते धावत्या गाडीत बोलत होते. तेवढ्यात शेतातल्या वाटेनं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा आला.

इंजिनाचा सूर उतरला. मला माझ्या सीटवर ऐकू आला. नानांचे गुडघे सुटले नाहीत.

ब्रेक लागला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. सगळे आपापल्या जागी होते, फक्त नाना नव्हते. ते सगळ्या उंचीनिशी पुढे गेले आणि आजींच्या अंगावर पडले. मशीन मध्ये आलं. आजींच्या खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पेरू गाडीभर झाले.

नाना उठले ते माझ्या हाताला धरून. त्यांचा हात मी पहिल्यांदा धरला, थंडगार होता. "आक्का, आक्का," एवढंच म्हणत होते. गाडी तशीच राहुरीला दवाखान्यात नेली. आजी ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पेरू गोळा करा रे, पायाखाली येत्याल."

दुसऱ्या दिवशी आजींचा मुलगा डेपोत आला. चाळिशीचा, कष्टाळू माणूस. आईची काळजी आणि राग दोन्ही चेहऱ्यावर. "ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला म्हणून झालं. मी तक्रार देणार." ड्रायव्हर खाली मान घालून उभे. त्यांच्यावर आधीची एक तक्रार होती. दुसरी लागली असती तर ते घरी बसले असते, आणि घरात दोन पोरी लग्नाच्या. नानांनी टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहायला लागले. तो कागद मी नंतर वाचला. शब्दन् शब्द आठवतो:

"ब्रेक योग्य वेळी लागला. तो लागला नसता तर गाडी ट्रॉलीवर गेली असती. गाडीतले सर्व प्रवासी जागेवर राहिले. पडलो फक्त मी. मी दांडी धरलेली नव्हती. माझे पाय आता उशिरा समजतात. हे मला वर्षभरापासून माहीत होते आणि मी कोणाला सांगितले नव्हते."

डेपोच्या साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "नाना, हे 'पाय उशिरा समजतात' कशाला? आणि वर्षभराचं तर अजिबातच नको. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमचं."

"त्येच खरं हाय, सायेब. बाकीचं काढलं तरी चालंल."

मुलगा कागदाकडे आणि नानांकडे बघत राहिला. तक्रार न देताच निघून गेला. मला वाटतं, आपल्याहून मोठ्या माणसानं आपल्यासमोर असं काही लिहून देणं त्यानं कधी पाहिलं नसावं. मीही नव्हतं पाहिलं.

नानांना गाडीवरून उतरवलं आणि चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्याआधी डॉक्टरकडून तपासणी झाली. तिथून आले ते वेगळेच तेज घेऊन. मला वाटलं होतं, माणूस खचून येईल. कसलं काय!

"पोरी, त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं आन् म्हनले डोळे मिटा. मिटले, आन् जमिनीचीच गाडी झाली! हालायला लागली की गं! म्हंजे पायाचं काम डोळे करत हुते आन् मला वाटायचं पायच करत्यात. म्हून तर अंधाराचं भ्या वाटायचं. आन् बोलायचं का बंद केलं हुतं, सांगू? बोलायला लागलो की उभं राहायचं इसरायचं. तरनेपनी उभं राहनं ध्यानात ठिवावं लागत न्हाई. आता लागतं."

"मग आता, नाना?"

"डॉक्टर म्हनले, गेलेलं समदं येत न्हाई. पन उरलेलं जागं ठिवता येतं. रोज उठवावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळ्या डेपोला उठवलं. दुपारच्या सुट्टीत ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, जो सापडेल त्याला वर्कशॉपच्या भिंतीशी पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचे आणि स्वतः समोर हात पसरून थांबायचे, पडला तर झेलायला. पन्नाशीच्या पुढचे सगळे बाभळीसारखे डुलायचे. त्यांचे जुने ड्रायव्हर तर दोन आकडे मोजायच्या आत भिंतीला टेकले. नाना त्यांना म्हणाले, "तू बसून गाडी चालवतोस म्हून वाचलास, गड्या." साहेब एकदा आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनाही उभं केलं. साहेब जास्त डुलले. तेव्हापासून त्या सुट्टीला कुणी हरकत घेतली नाही.

पण आजींचं हाड त्यांच्या मनातून जात नव्हतं. महिन्याभरानं मला म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी माझ्यासंगं चल. बाईमानसाच्या घरी एकटा कुठं जाऊ?" बसमध्ये निम्म्या सीटा रिकाम्या होत्या. नाना उभेच राहिले. पण वरची दांडी घट्ट धरून. मी बघितलं तर हसले. "झालो हाताचा मानूस. वाटलं तेवढं वाईट न्हाई."

राहात्यापासून आत, पेरूच्या बागेत घर. मुलगा दारात आडवा उभा राहिला. "तुमी इथं कशाला आले?" आतून आजींचा आवाज आला, "येऊ दे रे. कोन पडलं ते नीट बघू तरी दे मला."

आजी खाटेवर होत्या, हात गळ्यात बांधलेला. मुलगा पाणी आणायला गेला तशा पुढे झुकल्या. "कंडक्टर, तुमी कागदावर लिहून दिलं म्हनं, मी पडलो म्हून?"

"व्हय."

"येडे का खुळे तुमी? पडलेलं सांगायचं नसतं. एकदा सांगितलं की खाटंवर बसवत्यात. आता ह्यो म्हनतो बागंत जायचं न्हाई, लेकीकडं जायचं न्हाई. तुमी पाडलं म्हून! मी आधी दोनदा आपली आपन पडले, तवा कुनाला पत्ता बी लागू दिला न्हाई."

"दोनदा?"

"एकदा हौदापाशी. आन् एकदा बागंत. बागंत लई येळ पडून हुते. उठताच येईना. सरपटत सरपटत झाडापत्तुर गेले." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. "त्या दिशी वाटलं, मेले तर चालंल, पन हाक मारायची न्हाई."

नाना खाटेजवळ सरकले. मग म्हणाले, "आक्का, मी वर्षभर लपवलं, म्हून तुमचं हाड मोडलं. तुमी लपवलं तर तुमचंच मोडंल. पडायचं तर हायेच आता आपल्याला. उठायचं शिकून ठिवू. शिकता का?"

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला उठायचं शिकवनारा तू कोन? मलाच पाडून आलाय," असं म्हणाल्या, तुमीवरून एकदम तूवर येऊन, आणि मग मोठ्यानं हसल्या. खांदा दुखला तशी कळवळल्या, पण हसणं थांबलं नाही.

हाड जुळलं, डॉक्टरांनी हात सोडला, तेव्हापासून नाना दर सुट्टीला जायला लागले. कधी मी बरोबर, कधी आजींची शेजारीण. अंगणात चटई टाकायची. आजींनी तिच्यावर आडवं व्हायचं. मग कूस बदलायची, रांगायच्या अवस्थेत यायचं, खाटेचा कठडा धरायचा, एक गुडघा उभा करायचा आणि त्याच्या जोरावर उठायचं. घाई करायची नाही. नाना स्वतःही शेजारी तसंच करायचे. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं. उठल्यावर दोघं धापा टाकत खाटेला धरून उभी राहायची आणि एकमेकांना शिव्या द्यायची. मग उंबऱ्याला हात लावून एका पायावर. मग चवड्यांवर. आजी म्हणायच्या, "ह्या वयात कोंबडीसारखं उभं करतोय मला." पण करायच्या.

एक दिवस मुलगा बाजारातून लवकर परत आला. आई जमिनीवर, शेजारी हा माणूस. हातातली पिशवी टाकून तो धावला. "आवो, म्हाताऱ्या मानसाला लोळवताय काय? परत पाडलं का तिला?"

"थांब तिथंच," आजी जमिनीवरून म्हणाल्या. "मधी येऊ नको. हात देऊ नको."

पहिल्या खेपेला गुडघा घसरला. मुलगा पुढे सरला, तसा नानांनी आडवा हात केला. दुसऱ्या खेपेला आजी उठल्या. पदर सारखा केला आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "मी आधी दोनदा पडले हुते. तुला सांगितलं न्हवतं. तू मला कोंडशील म्हून."

तो पायरीवर बसला आणि सांडलेली भाजी एकेक करून पिशवीत भरत राहिला. पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो तर चटई त्यानंच टाकून ठेवली होती, आणि खाटेचा हलता पाय ठोकून पक्का केला होता. आजी बागेत जायला लागल्या. आधी काठी घेऊन आणि शेजारणीबरोबर, मग नुसती काठी.

नाना निवृत्त झाले. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, खुर्ची दिली. खुर्चीवर बसले, याचं आम्हाला सगळ्यांनाच नवल वाटलं. म्हणाले, "कुठं उभं राहायचं ते कळलं की बसायची लाज वाटत न्हाई." आता ते सोमवारी डेपोत चक्कर टाकतात. भिंतीपाशी डोळे मिटून उभं राहणाऱ्यांची तपासणी करतात. कोण सुधारलं, कोणाचं ढिलं पडलं, ते तोंडावर सांगतात. स्वतः पाच आकडे मोजेपर्यंत उभे राहतात. त्याच्या पुढे कधी गेले नाहीत, आणि जाणार नाहीत हे त्यांना माहीत आहे.

मागच्याच सोमवारी आम्ही कँटीनमध्ये चहा घेत होतो. त्यांचा मोबाईल वाजला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर टाकतात.

"कंडक्टर, मी पडले."

कप नानांच्या हातातच राहिला. "कुठं?"

"पेरूत. सकाळी. पाट वलांडताना पाय घसरला."

"लागलं का?"

"कोपर खरचटलं. हळद लावली."

"उठवलं कोनी?"

"कोनी म्हंजे? माझी मी उठले. कूस बदलली, रांगले, झाडाला धरलं, उठले. घाई केली न्हाई."

नाना खुर्चीतून पुढे सरकले. "कुठला गुडघा आधी उभा केला?"

"उजवा. डावा दुखतो ना माझा."

"शाबास. आन् पोराला सांगितलं का?"

"सांगितलं की. जेवताना सांगितलं. म्हनलं, आज पडले हुते रे, भाजी वाढ."

"मग?"

"मग काय," आजी म्हणाल्या, "वाढली त्यानं."